छातीचा सीटी स्कॅन पुढचं किती सांगतो? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

जुनाट फुफ्फुसविकार आणि सीटी स्कॅन या विषयावर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे: या चित्रांवरून आजार पुढे कसा जाणार हे कळतं का? बरंचसं कळतं. मात्र स्कॅन नीट काढलेला हवा, मागच्या स्कॅनशी ताडून पाहिलेला हवा आणि श्वासाच्या चाचण्यांसोबत वाचलेला हवा. यातलं एक जरी सुटलं तरी रिपोर्टमधला आकडा दिशाभूल करतो. इथली उत्तरं समजून घेण्यासाठी आहेत. उपचारात बदल मात्र तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच करा.

प्रश्न : वडिलांचं वय ६९, सीओपीडी (श्वसनमार्ग अरुंद करणारा जुनाट फुफ्फुसविकार) आहे. आताच्या सीटी रिपोर्टमध्ये ‘एलएए ९५० : ३२ टक्के’ असं आलंय. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या केंद्रात हाच आकडा २१ होता. मधल्या काळात त्यांनी सिगारेट पूर्ण सोडली. मग आजार एवढा वाढला कसा? आणि आता पुढे काय?

उत्तर : आजार तेवढा वाढलाच असेल असं नाही, आणि सिगारेट सोडल्याने तो वाढला असं तर मुळीच नाही. वडिलांना हे सगळ्यात आधी सांगा.

सीटीत प्रत्येक बिंदूची घनता हाउन्सफील्ड एककात मोजतात. पाणी शून्य, हवा उणे १०००. पूर्ण श्वास भरलेलं निरोगी फुफ्फुस उणे ८५० च्या आसपास असतं. एम्फिसीमात वायुकोशांच्या भिंती नष्ट होतात, नुसती हवा उरते आणि घनता आणखी खाली येते. उणे ९५० च्याही खाली गेलेला भाग फुफ्फुसाच्या किती टक्के आहे, तो आकडा म्हणजे एलएए ९५०. निरोगी माणसातही तो थोडाफार येतोच, त्यामुळे ३२ टक्के म्हणजे फुफ्फुसाचा तिसरा हिस्सा गेला असा सरळ हिशेब करू नका.

आता २१ चे ३२ कसे होतात ते बघा. धूम्रपान चालू असताना फुफ्फुसात सूज असते आणि दाहाच्या पेशी साठलेल्या असतात, त्यामुळे घनता थोडी वाढलेली दिसते आणि एम्फिसीमाचा काही भाग उणे ९५० च्या वरच राहतो. सिगारेट सोडली की दाह ओसरतो, घनता उतरते आणि आधीपासूनच असलेला एम्फिसीमा मोजणीत येतो. हा परिणाम नीट नोंदलेला आहे. आकडा वाढला तरी फुफ्फुसाच्या दृष्टीने ही चांगलीच घडामोड असते.

दुसरं कारण यंत्राच्या बाजूचं. कच्च्या मोजमापांतून चित्र तयार करताना जो फिल्टर वापरतात त्याला कर्नेल म्हणतात. डोळ्यांनी वाचायला ‘लंग’ किंवा ‘शार्प’ कर्नेल बरा, कारण त्यात बारीक रेषा उठून दिसतात. पण त्यात चित्राची खरखरही वाढते. खरखर म्हणजे काही बिंदू उगाच वर आणि काही उगाच खाली. खाली गेलेले सगळे एम्फिसीमा म्हणून मोजले जातात. घनता मोजायची तर ‘स्टँडर्ड’ किंवा ‘सॉफ्ट’ कर्नेलच हवा. काप जितका पातळ तितकी खरखर जास्त, म्हणून ५ मि.मी. आणि १ मि.मी. कापांवरचे आकडेही जुळत नाहीत. दोन केंद्रं, दोन यंत्रं, दोन कर्नेल असतील तर एवढा फरक आजार जराही न हलता पडू शकतो.

तेव्हा दोन्ही केंद्रांकडून चार गोष्टी विचारून घ्या: कापाची जाडी, कर्नेलचं नाव, सॉफ्टवेअरचं नाव, आणि त्या श्वासात फुफ्फुसाचं एकूण आकारमान किती लिटर आलं. आकारमानात अर्ध्या-पाऊण लिटरचा फरक असेल तर तुलना तिथेच डळमळते. श्वास कमी भरला की घनता वाढते आणि एम्फिसीमा कमी दिसतो. नवा स्कॅन जुन्याच्या कर्नेलने पुन्हा तयार करता येतो, पण त्यासाठीचा कच्चा डेटा यंत्रावर फार काळ ठेवत नाहीत. म्हणून ही विनंती स्कॅन झाल्या झाल्याच करायला हवी.

पुढचा अंदाज विचारलात, तर एम्फिसीमा जास्त असणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाची क्षमता वेगाने घटते आणि मृत्यूचा धोकाही जास्त असतो, हे मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे. नुसत्या डोळ्यांनी केलेली प्रतवारीसुद्धा उपयोगी ठरते. छातीच्या चित्रांचं वाचन करणाऱ्या तज्ज्ञांच्या फ्लाइशनर सोसायटीने २०१५ मध्ये वायुकोशगुच्छांच्या मध्याशी सुरू होणाऱ्या एम्फिसीमाच्या पायऱ्या ठरवून दिल्या: जेमतेम खूण, सौम्य, मध्यम, एकमेकांत मिसळलेला, आणि रचना मोडून टाकणारा. दहा हजारांहून जास्त लोकांच्या सीओपीडीजीन अभ्यासात पायरी चढत गेली तसा मृत्यूचा धोका चढत गेला. वडिलांच्या रिपोर्टमध्ये टक्क्यांसोबत ही पायरी लिहून मागा. त्याला स्पायरोमेट्री (फुंकून हवा मोजण्याची चाचणी), डीएलसीओ (फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो त्याचं माप) आणि सहा मिनिटांच्या चालण्याची जोड द्या. तीन वर्षांत चालण्याचं अंतर टिकून असेल, तर ३२ या आकड्याने झोप उडवून घेऊ नका.

प्रश्न : मी सीटी विभागात टेक्निशियन आहे. फुफ्फुसतज्ज्ञ अनेकदा ‘श्वास नीट भरलेला नाही, पुन्हा काढा’ म्हणून स्कॅन परत पाठवतात. धाप लागणाऱ्या रुग्णाकडून चांगला स्कॅन कसा मिळवायचा?

उत्तर : हा प्रश्न विचारल्याबद्दल आभार. पुढचे सगळे अंदाज तुमच्या त्या काही सेकंदांवर उभे असतात.

सराव रुग्ण टेबलावर झोपण्याआधी करून घ्या. यंत्रातून येणारी ध्वनिमुद्रित सूचना बऱ्याच रुग्णांना उशिरा कळते आणि ते अर्ध्या श्वासातच थांबतात. समोर उभं राहून तीनदा करून घ्या: आरामात आत, आरामात बाहेर, पुन्हा आत, बाहेर, आता पूर्ण आत, अजून, अजून, धरा. शेवटचे दोन ‘अजून’ महत्त्वाचे. सीओपीडीच्या रुग्णाला हवा भरायला वेळ लागतो, घाई केली की तो मध्येच अडकतो. दहा सेकंद श्वास धरता येतो का ते घड्याळ लावून बघा. येत नसेल तर स्कॅन खालून वर घ्या: फुफ्फुसाचा तळ सर्वांत जास्त हलतो, तो श्वास सुटण्याआधीच टिपला जातो. नाकातली ऑक्सिजनची नळी काढायची गरज नाही. इनहेलर स्कॅनआधी घ्यायचा की नाही, याचा विभागात एक नियम ठरवा आणि दर वेळी तोच पाळा.

स्कॅन झाला की रुग्णाला उठवण्याआधी श्वासनलिकेकडे बघा. पूर्ण श्वासात तिचा छेद गोलसर असतो आणि मागची मऊ भिंत सपाट किंवा किंचित मागे फुगलेली असते. ती भिंत पुढे आत वळलेली दिसली तर रुग्णाने श्वास सोडलेला आहे. अशा स्कॅनमध्ये तळाचं फुफ्फुस धूसर दिसतं आणि वाचणाऱ्याला ते ‘ग्राउंड ग्लास’, म्हणजे दाह वाटू शकतं. तिथल्या तिथे पुन्हा घेतलेला कमी डोसचा स्कॅन परवडतो. चुकीच्या चित्रावर सुरू झालेलं स्टिरॉइड परवडत नाही. त्याच वेळी श्वासनलिकेतल्या हवेची घनताही मोजून ठेवा. ती उणे १००० च्या जवळपास असायला हवी. दर रुग्णात दूर येत असेल तर यंत्राचं कॅलिब्रेशन तपासायला सांगा.

काप १.५ मि.मी. किंवा त्याहून पातळ, सलग, कॉन्ट्रास्टशिवाय. फायब्रोसिसची (फुफ्फुसात व्रण धरून ते कडक होण्याची) शंका असेल तर पालथं झोपवून तळाचा स्कॅन घ्या: उताणं झोपल्यावर पाठीकडचा भाग नुसत्या वजनानेही दबून धूसर दिसतो, पालथं केल्यावर धूसरपणा गेला तर तो आजार नव्हता. श्वास सोडून काढलेले काप अडकलेली हवा दाखवतात. श्वास सोडल्यावरही उणे ८५६ च्या खाली राहिलेला भाग म्हणजे हवा अडकलेली. दोन्ही श्वासांची चित्रं संगणकात एकावर एक बसवली की एम्फिसीमा कुठे आणि बारीक श्वसननलिकांचा आजार कुठे, हे वेगळं काढता येतं. ही पद्धत २०१२ पासून वापरात आहे. पण सोडलेल्या श्वासाचा सरावही तितकाच नीट करून घ्यावा लागतो, नाहीतर आकडे निरर्थक ठरतात.

आणि तारीख देणाऱ्यांना सांगा: ताप, न्यूमोनिया किंवा दम्याचा झटका चालू असताना तुलनेसाठीचा स्कॅन नको. तातडीचं कारण नसेल तर बरं वाटल्यावर सहा ते आठ आठवडे जाऊ द्या. हृदयामुळे फुफ्फुसात पाणी साठलेलं असलं तरी तेच.

प्रश्न : आईला (वय ६८) पल्मनरी फायब्रोसिस आहे. रिपोर्टमध्ये ‘प्रॉबेबल यूआयपी, ट्रॅक्शन ब्राँकिएक्टेसिस आहे, हनीकोम्बिंग नाही’ असं लिहिलंय. हनीकोम्बिंग नाही म्हणजे आजार सौम्य समजायचा का? एफव्हीसी (पूर्ण श्वास भरून जोरात सोडलेली एकूण हवा) अपेक्षेच्या ७० टक्के, डीएलसीओ ४८ टक्के आहे.

उत्तर : नाही, तसं समजू नका. यूआयपी म्हणजे फायब्रोसिसचा एक ठरावीक नमुना, ‘प्रॉबेबल’ म्हणजे तो असण्याची दाट शक्यता. हनीकोम्बिंग म्हणजे फुफ्फुसाच्या कडेला रचलेल्या, साधारण ३ ते १० मि.मी.च्या, जाड भिंतींच्या पोकळ्या. ते दिसलं की फायब्रोसिस पुढे गेलेला असतो हे खरं. पण ते आहे की नाही यावर अनुभवी रेडिओलॉजिस्टांचंही अनेकदा एकमत होत नाही. कडेचा एम्फिसीमा आणि ओढल्या गेलेल्या बारीक नळ्या हुबेहूब तशाच दिसतात.

ट्रॅक्शन ब्राँकिएक्टेसिस म्हणजे भोवतालच्या व्रणाने खेचून वाकड्यातिकड्या, रुंद झालेल्या श्वसननलिका. पुढचा अंदाज बांधताना आम्ही याकडे जास्त लक्ष देतो. त्यांचं प्रमाण आणि फायब्रोसिसने व्यापलेला एकूण भाग, या दोन गोष्टी अनेक अभ्यासांत आयुर्मानाशी घट्ट जोडलेल्या आढळल्या आहेत. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही ‘यूआयपी’ आणि ‘प्रॉबेबल यूआयपी’ हे दोन नमुने एकमेकांच्या बरेच जवळ आणले आहेत.

आईच्या आजाराचं कारण न सापडणारा, म्हणजे आयपीएफ हा प्रकार असेल, तर २०१२ चा गॅप निर्देशांक (लिंग, वय आणि श्वासाच्या चाचण्यांना गुण देणारा) हाताने काढता येतो, त्याला सीटीसुद्धा लागत नाही. स्त्री : ०, पुरुष : १. वय ६० पर्यंत ०, ६१ ते ६५ ला १, त्यापुढे २. एफव्हीसी ७५ टक्क्यांवर ०, ५० ते ७५ ला १, खाली २. डीएलसीओ ५५ टक्क्यांवर ०, ३६ ते ५५ ला १, ३५ किंवा खाली २, चाचणी जमलीच नाही तर ३. आईचे झाले ० अधिक २ अधिक १ अधिक १, म्हणजे ४. शून्य ते तीन पहिला टप्पा, चार-पाच दुसरा, सहा ते आठ तिसरा. मूळ अभ्यासात एका वर्षातल्या मृत्यूचं प्रमाण या तीन टप्प्यांत अनुक्रमे ५.६, १६.२ आणि ३९.२ टक्के होतं.

हे आकडे लिहिताना आम्ही थोडे थबकलो, पण तुम्ही मोकळेपणाने विचारलंत म्हणून दिले. ते गटाचे आकडे आहेत. दुसऱ्या टप्प्यातल्या शंभरपैकी सोळा जणांत आई आहे की उरलेल्या चौऱ्यांशींत, हे गॅप सांगत नाही, सीटीही सांगत नाही. शिवाय हा निर्देशांक तयार झाला तेव्हा आजची फायब्रोसिसविरोधी औषधं सर्रास वापरात नव्हती. पिरफेनिडोन आणि निंटेडॅनिब आजार थांबवत नाहीत, पण एफव्हीसीची वार्षिक घट सुमारे निम्म्यावर आणतात. तेव्हा या आकड्याचा खरा उपयोग निर्णयासाठी करा: औषध पुढे ढकलायचं नाही, आणि प्रत्यारोपणाचा विचार करायचा असेल तर तज्ज्ञांची भेट आत्ताच ठरवायची.

एक सूचना मात्र लक्षात ठेवा. महिनाभरात धाप एकदम वाढली तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, लगेच दाखवा. अशा वेळी सीटीत दोन्ही बाजूंना नवा धूसरपणा आला तर ती फायब्रोसिसची तीव्र उसळी असू शकते आणि तिच्यात दिवसांना किंमत असते.

प्रश्न : वर्षभराच्या अंतराने काढलेल्या दोन एचआरसीटींबद्दल (पातळ कापांच्या सीटींबद्दल) एक रेडिओलॉजिस्ट ‘फरक नाही’ म्हणतात, फुफ्फुसतज्ज्ञ ‘आजार वाढतोय’ म्हणतात. कुणाचं धरायचं? (फायब्रोसिस, आयपीएफ नाही.)

उत्तर : दोघंही बरोबर असू शकतात. वाढत जाणाऱ्या फायब्रोसिसचे २०२२ मध्ये ठरलेले निकष तीन आहेत आणि गेल्या वर्षात त्यांतले दोन जुळले, शिवाय दुसरं काही कारण नसलं, की आजार वाढता मानतात: त्रास वाढणं, एफव्हीसी ५ किंवा डीएलसीओ १० टक्के-गुणांनी घटणं, आणि सीटीत वाढ दिसणं. धाप आणि एफव्हीसी दोन्ही बिघडले असतील, तर सीटी स्थिर असूनही निकष पूर्ण होतो.

तरी ‘फरक नाही’ हे कसं ठरवलं ते विचारा. नुसते दोन रिपोर्ट शेजारी ठेवून नाही, दोन्ही स्कॅन एकाच पडद्यावर, श्वासनलिकेचं दुभाजन, महाधमनीची कमान, श्वासपटलाचा उजवा घुमट अशा खुणा जुळवून पाहायला हवेत. फायब्रोसिसमध्ये फुफ्फुस आक्रसतं, त्यामुळे मागच्या वर्षी ज्या उंचीवर जो भाग होता तिथे या वर्षी दुसराच येतो. नवखा वाचक ‘जाळी (व्रणाच्या बारीक रेषा) तेवढीच आहे’ म्हणतो, पण खालचा खंड लहान झालेला असतो, आणि खंड लहान होणं हीच वाढ असते. ट्रॅक्शन ब्राँकिएक्टेसिस वाढणं, जाळी जाड किंवा विस्तृत होणं, धूसर भागात नळ्या ताणल्या जाणं, हनीकोम्बिंग नव्याने येणं, या बाकीच्या खुणा. आणखी एक: सगळ्यात पहिला स्कॅनही काढून ठेवायला सांगा. दर वर्षी ‘किंचित’ म्हणून सोडलेली वाढ चार वर्षांच्या अंतरावर ठळक दिसते.

प्रश्न : मला धाप खूप लागते, ऑक्सिजन लागायला लागलाय, पण स्पायरोमेट्री ‘जवळपास नॉर्मल’ येते. सीटीत वर एम्फिसीमा, खाली फायब्रोसिस.

उत्तर : या जोडीमुळे स्पायरोमेट्री फसते. एम्फिसीमा फुफ्फुस फुगवतो, फायब्रोसिस आक्रसवतो. दोन्ही मिळून एफव्हीसी जागच्या जागी राहते. डीएलसीओ मात्र दोघांमुळेही पडते आणि खूप खाली येते. तुमच्या बाबतीत पुढचा अंदाज एफव्हीसीवर बांधू नये. डीएलसीओ, चालतानाचा ऑक्सिजन आणि सीटीवरचा विस्तार यांवर बांधावा. फुफ्फुसातल्या रक्तदाबासाठी टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला नसेल तर करून घ्या, या जोडीत तो दाब वाढणं वारंवार दिसतं. फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोकाही जास्त असल्याने प्रत्येक स्कॅनमध्ये गाठींचा वेगळा उल्लेख हवा.

प्रश्न : सीओपीडीच्या सीटीत ‘मुख्य फुफ्फुसधमनी ३३ मि.मी., महाधमनी ३० मि.मी.’ एवढीच एक ओळ आहे. तिचा काही अर्थ आहे का?

उत्तर : आहे, आणि ती ओळ लिहिणाऱ्या रेडिओलॉजिस्टचे आभार माना. फुफ्फुसधमनी जिथे दुभागते त्या कापावर तिचा व्यास आणि त्याच कापावर चढत्या महाधमनीचा व्यास मोजतात. भागाकार १ पेक्षा जास्त आला तर सीओपीडीत रुग्णालयात दाखल करावं लागेल अशा झटक्यांचा धोका वाढतो, हे २०१२ मध्ये हजारो रुग्णांवर दाखवलं गेलं. तुमचा भागाकार १.१. म्हणजे इको, लशी पूर्ण करणं, इनहेलरची पद्धत तपासणं आणि झटक्यात काय करायचं याची लेखी योजना, या गोष्टी आता लांबवू नयेत. फायब्रोसिसच्या रुग्णांनी मात्र हा नियम स्वतःला लावू नये. तिथे दाब न वाढताही धमनी रुंदावते.

सीओपीडीच्या त्याच स्कॅनमध्ये आणखी बरंच काही न वाचता राहून जातं. हृदयाच्या धमन्यांतलं कॅल्शियम, छातीच्या स्नायूंची जाडी, मणक्यांची झीज किंवा दबलेला मणका: आयुष्य फुफ्फुसांइतकंच यांच्यावरही अवलंबून असतं. आणि श्वसननलिका बंद करणारे कफाचे बूच. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सीओपीडीजीनच्या विश्लेषणात असे बूच असणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त होतं, आणि तीन किंवा अधिक भागांत असतील तर आणखी जास्त. विशेष म्हणजे यातल्या कित्येकांना खोकला किंवा कफाची तक्रारच नसते. बूच काढल्याने आयुष्य वाढतं हे अजून सिद्ध झालेलं नाही, पण ते कुठल्या खंडात आहेत हे कळलं तर फिजिओथेरपिस्ट कफ काढण्याची स्थिती त्यानुसार ठरवू शकतात.

प्रश्न : ब्राँकिएक्टेसिस (श्वसननलिका कायमच्या रुंदावणं) फुफ्फुसाच्या चार खंडांत पसरलाय. सीटी बघून घाबरलोय.

उत्तर : या आजारात सीटीला गुण कमी आहेत. ब्राँकिएक्टेसिस तीव्रता निर्देशांकात तीन किंवा जास्त खंडांत आजार असणं, किंवा पोकळ्यांसारखी रुंदी असणं, याला फक्त १ गुण आहे. गेल्या दोन वर्षांत रुग्णालयात दाखल व्हावं लागलं असेल तर त्याचे ५, आणि थुंकीत स्यूडोमोनास जंतू ठाण मांडून असेल तर ३. एकूण ९ किंवा जास्त म्हणजे तीव्र. तेव्हा पुढचा स्कॅन नको, थुंकीची कल्चर तपासणी करा आणि कफ काढण्याचा व्यायाम रोज करा.

प्रश्न : एम्फिसीमासाठी श्वसननलिकेत व्हॉल्व्ह (एकाच दिशेने हवा सोडणाऱ्या झडपा) बसवायचं ठरतंय. डॉक्टर म्हणतात ‘सीटीवर सगळं ठरेल’. सीटीत नक्की काय बघतात?

उत्तर : दोन खंडांमधली भिंत, म्हणजे फिशर, सलग आहे का ते. व्हॉल्व्ह खंडात जाणारी हवा अडवतात आणि आतली बाहेर सोडतात. खंड आक्रसला की शेजारच्या चांगल्या भागाला जागा मिळते. भिंतीला भोकं असतील तर शेजारच्या खंडातून हवा येतच राहते, खंड फुगलेलाच राहतो आणि एवढा खटाटोप वाया जातो. संगणकाने मोजलेली सलगता ९५ टक्क्यांच्या वर असेल तर बहुधा पुढे जातात, ८० च्या खाली असेल तर टाळतात, मधल्यांमध्ये दुर्बिणीतून फुगा लावून हवेचा प्रवाह तपासतात. उजव्या बाजूची आडवी भिंत अनेकांत जन्मतःच अपुरी असते, म्हणून उजवा वरचा खंड निवडताना जास्त जपतात. शिवाय तो खंड पुरेसा खराब आहे का, शेजारचा बऱ्यापैकी आहे का, कुठे संशयास्पद गाठ आहे का, हेही बघतात.

सीटीवरून उपचाराचा निकाल आधी ओळखता येतो, याचा सर्वांत भक्कम पुरावा शस्त्रक्रियेतूनच आला. अमेरिकेतल्या १,२१८ रुग्णांच्या चाचणीत (२००३) एम्फिसीमा मुख्यतः वरच्या खंडांत आणि व्यायामक्षमता कमी, अशांना फुफ्फुसाचा खराब भाग काढल्याने आयुष्याचा फायदा झाला. एम्फिसीमा इतरत्र आणि व्यायामक्षमता बरी, अशांचं नुकसान झालं. एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात जोरात सोडलेली हवा) अपेक्षेच्या २० टक्के किंवा कमी, आणि सोबत सगळीकडे सारखा पसरलेला एम्फिसीमा किंवा तितकीच खालावलेली डीएलसीओ असेल, तर शस्त्रक्रियेत मृत्यूचा धोका एवढा होता की त्या गटाची भरती चाचणी संपण्याआधीच थांबवावी लागली. तेव्हा ‘तुम्ही बसत नाही’ असं उत्तर मिळालं तर निराश होऊ नका, ते उत्तर तुम्हाला वाचवणारं असू शकतं. बसत असाल तर हे विचारून ठेवा: व्हॉल्व्हनंतर सुमारे चौथ्या हिश्श्यातल्या रुग्णांत फुफ्फुसाबाहेर हवा गळते, बहुतेकदा पहिल्या तीन दिवसांत. ते दिवस रुग्णालयातच काढायचे ना?

प्रश्न : स्क्लेरोडर्मा (त्वचा आणि आतले अवयव कडक करणारा आजार) असलेल्या पत्नीच्या रिपोर्टमध्ये ‘विस्तार २० टक्क्यांहून कमी’ असं अधोरेखित केलंय. २०च का?

उत्तर : २००८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत स्क्लेरोडर्मातला फुफ्फुसाचा आजार २० टक्क्यांच्या वर असेल तर ‘विस्तृत’ आणि स्पष्टपणे खाली असेल तर ‘मर्यादित’ मानतात. सीमेवर वाटलं तर एफव्हीसी बघायची: ७० टक्क्यांच्या खाली असेल तर विस्तृत. विस्तृत गटाचं पुढचं चित्र बरंच वाईट असतं, म्हणून उपचाराचा जोर इथे ठरतो. पत्नीचा आकडा २० च्या किती खाली आहे आणि एफव्हीसी किती आहे, हे दोन्ही सोबत विचारा.

प्रश्न : दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या सीटीत ‘आयएलए’ सापडलं. त्रास काही नाही.

उत्तर : आयएलए म्हणजे फुफ्फुसाच्या एखाद्या पट्ट्याच्या किमान ५ टक्के भागात दिसणारे, आजाराची शंका नसताना सापडलेले बदल. ते असणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळलं आहे, म्हणून दुर्लक्ष नको. पण सगळ्यांचे बदल वाढत नाहीत. वाढतात ते मुख्यतः कडेला असलेले, नळ्या ताणणारे. स्पायरोमेट्री आणि डीएलसीओ आत्ता करून ठेवा, धूम्रपान असेल तर थांबवा, आणि पुढचा स्कॅन साधारण १२ ते २४ महिन्यांनी.

प्रश्न : आता रिपोर्टसोबत संगणकाने काढलेले रंगीत नकाशे आणि टक्के येतात. डोळ्यांपेक्षा ते जास्त विश्वासाचे का?

उत्तर : काही बाबतींत हो. आयपीएफमध्ये फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांनी व्यापलेलं आकारमान संगणकाने मोजलं, तर ते मृत्यूचा अंदाज डोळ्यांनी दिलेल्या गुणांपेक्षा चांगला देतं असं आढळलं. हे माप डोळ्यांनी काढताच येत नाही. अल्फा-१ अँटिट्रिप्सिनच्या कमतरतेत (एम्फिसीमा घडवू शकणाऱ्या आनुवंशिक दोषात) २०१५ च्या चाचणीत औषधाचा फरक स्पायरोमेट्रीत उमटला नाही, पूर्ण श्वासातल्या घनतेत दिसला.

पण नकाशा आला की आधी त्याची सीमारेषा तपासा. फायब्रोसिस फुफ्फुसाच्या कडेला दाट झाला की सॉफ्टवेअर त्याला छातीची भिंत समजून बाहेर टाकतं, आणि सगळ्यात खराब भागच मोजणीतून गळतो. डाव्या घुमटाखालच्या जठरातली हवा कधी फुफ्फुसात धरली जाते. दोन कंपन्यांच्या सॉफ्टवेअरचे टक्के एकमेकांशी ताडू नका. आणि ज्या रिपोर्टवर संगणकाचा आकडा आहे पण रेडिओलॉजिस्टने नकाशा पाहिल्याची नोंद नाही, तो आकडा आम्ही तरी निर्णयासाठी वापरणार नाही.

प्रश्न : किरणोत्सर्गाची भीती वाटते. सीटी किती वेळा काढावा? आणि जुन्या फिल्म जपून ठेवायच्या का?

उत्तर : माणसाला निसर्गातूनच वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. छातीच्या नेहमीच्या सीटीत साधारण ५ ते ७, कमी डोसच्या स्कॅनमध्ये १ ते ३. फायब्रोसिस पाहायला कमी डोस चालतो; १ च्या खाली गेलं तर बारीक जाळी खरखरीत हरवते. स्थिर सीओपीडीत ठरावीक मुदतीने सीटी काढायची गरज नाही. झटके थांबत नसतील, चाचण्यांच्या मानाने धाप जास्त असेल, व्हॉल्व्ह-शस्त्रक्रियेचा विचार असेल किंवा कर्करोगाच्या तपासणीत बसत असाल, तर काढावा. आयपीएफमध्ये श्वासाच्या चाचण्या दर ४ ते ६ महिन्यांनी, सीटी मात्र बिघाडाची शंका आली की, किंवा तज्ज्ञ सांगतील तेव्हा.

फिल्मवर निवडक काप छापलेले असतात. घनता, आकारमान, फिशर, यांतलं काहीही त्यावरून मोजता येत नाही. डायकॉम (वैद्यकीय चित्रांच्या मूळ फाइलींच्या) स्वरूपातला पूर्ण डेटा सीडी किंवा पेनड्राइव्हवर घ्या, आणि त्यात पातळ काप आहेत ना ते विचारा: बऱ्याच ठिकाणी फक्त ५ मि.मी.चे काप दिले जातात आणि पातळ काप काही काळाने पुसले जातात. सीडी घरी नेल्यावर एकदा उघडून बघा, पूर्ण छातीला शेकड्यांनी चित्रं असायला हवीत. तिच्यावर तारीख, केंद्र आणि त्या आठवड्यातली एफव्हीसी आणि डीएलसीओ लिहून ठेवा, आणि सगळ्यात जुना स्कॅन कुणालाही मूळ प्रत म्हणून देऊन टाकू नका.